मोठ्या माणसाचा हिरवा

रेल्वेची भरती निघाली की आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत ते पोरांच्या आधी फ्लेक्सवाल्याला कळतंय. बघता बघता खांबाखांबावर इंजिनं उगवत्यात. इंजिनाच्या म्होरं हाताची घडी घालून एक सर उभारलेले असत्यात, डोळ्याला काळा गॉगल, आन् खाली लिहिलेलं, 'ट्रेन चालवायचं स्वप्न? आम्ही हाय की!' गॉगल लावून सिग्नल कसा दिसतोय हे कुणी विचारत न्हाय.

मी सुट्टीला घरी आलोय. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या वडत, गाणी ठणाणा लावून कारखान्याकडं चाललेत. हवेत गुऱ्हाळाचा गोडसर धूर हाय. आन् समोरच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमधनं पोरांचा आवाज येतोय.

"सिग्नल तांबडा, तर काय करायचं?"

"थांबायचं!"

"जेवला न्हाईसा काय? मोठ्यानं!"

"थांबायचंऽऽ!"

त्याच टायमाला खालच्या चौकात एका मोपेडवर तिघं जण तांबडा सिग्नल तोडून गेले. वरनं कुणी वाकून बघितलं न्हाय. वर पाठांतर चाललंय.

थंडी पडली, ऊस हालला आन् ही आरोळी सुरू झाली की माझं डोकं फिरतंय. ह्याच शेडमध्ये मीबी बसलतो. अकॅडमीचं नाव 'रुळावरचा राजा'. राजा म्हणजे सर. ह्या राजानं उभ्या जन्मात इंजिन बघितलेलं ते प्लॅटफॉर्मवरनं, तेबी जेजुरीला जाताना. पण बोलायला लागले की वाटायचं, देशातल्या पहिल्या गाडीत कोळसा ह्यांनीच टाकलाय. बोलायची तऱ्हा अशी की अर्धं वाक्य सरांनी सोडायचं आन् उरलेलं आम्ही पुरं करायचं. "रेल्वे म्हणजे देशाची जीवन...?" "वाहिनीऽऽ!" "आन् ड्रायव्हर म्हणजे रेल्वेचा...?" "कणाऽऽ!" एकदा मी मधीच "मणकाऽऽ" म्हणून बघितलं. मागची सगळी बाकं "मणकाऽऽ" म्हणली. सर म्हणले, "शाब्बास!" आन् पुढच्या वाक्याला लागले. आपण काय ऐकतोय आन् काय वरडतोय, ह्याच्याशी तिथं कुणाचा काय संबंधच नव्हता. मास्तरचाबी न्हाय आन् पोरांचाबी न्हाय.

सरांचं खरं वैभव म्हणजे केबिन. उद्यमनगरातल्या एका वेल्डरकडनं करून घेतलेली, इंजिनाच्या केबिनीसारखी. पत्र्याचं दार, काच, वर भोंगा, सगळं झ्याक. आन् मधोमध ट्रॅक्टरचं स्टेअरिंग. ते कव्हर घातलेलं, झुरमुळ्या लावलेलं.

चंदगडकडचं एक पोरगं नवीन आलतं. त्यानं बिचाऱ्यानं हात वर केला. "सर, रेल्वेला स्टेअरिंग असतंय?"

सर हसले. त्या हसण्यात जी हेटाळणी हुती, ती मला अजून जशीच्या तशी काढता येतीया. "पावणं, गाव कुठलं तुमचं?"

"चंदगड सर."

"तुमच्यात रेल्वे हाय?"

"न्हाय सर."

"मग?"

झालं. प्रश्न मिटला. पोरगं खाली बसलं, आन् मग आम्ही सगळ्यांनी ओळीनं केबिनीत बसून स्टेअरिंग फिरवलं. रूळ डावीकडं गेला तरी आमची गाडी उजवीकडं. सर बाहेर उभारून सांगालते, "कॉन्फिडन्स! कॉन्फिडन्स यायला पाहिजे हातात!"

ह्या क्लासला माझ्या शेजारी बाज्या बसायचा. बाजीराव, राधानगरीकडचा. घरी म्हशी, दुधाचा धंदा, वाईच भात, वाईच ऊस. आमच्याच माडीवर भाड्यानं ऱ्हायचा. अंगानं दांडगा, पैलवान गडी, डोक्यानं तर लै तल्लख. एकदा बघितलेलं विसरायचा न्हाय. पण त्याच्या तोंडात मोठ्या माणसासाठी एकच शब्द हुता, 'व्हय'. माझी आई त्याला जेवायला बोलवायची. "भात वाढू का रं बाजीराव?" "व्हय काकी." "आणि वाईच?" "व्हय काकी." एकदा माझ्या आईला गंमत वाटली म्हणून ती वाढतच ऱ्हायली. हे बेणं डोळ्यातनं पाणी काढून खालालतं, पण 'नको' म्हणालं न्हाय.

त्याच्या घरचीच तऱ्हा तसली. त्याच्या वडलांना सगळे आबा म्हणत्यात, आमच्याकडं भाडं द्यायला तेच यायचे. एकदा आबा जेवता जेवता म्हणले, "उद्या गुरुवार." उद्या हुता बुधवार. भिंतीवर क्यालेंडर हुतं. थोरल्या भावाच्या हातात मोबाईल हुता. कुणी काय बोललं न्हाय. बाज्याच्या आईनं बुधवारी गुरुवारचा उपास धरला, आन् गुरुवारी गपगार परत धरला. बाज्या हे सांगताना हसतबी नव्हता. मी इचारलं, "कुणीतरी सांगायचं हुतं की." तर म्हणतोय कसा, "आबा म्हणल्यावर?"

मला ह्या गोष्टीचा लै राग येतोय, आन् तो एकट्या बाज्यावर न्हाय. आमच्या गावाची ख्याती काय, तर आम्ही रोखठोक. कुणाच्या बापाला भीत न्हाय. फुटबॉलच्या मॅचला या, रेफ्रीच्या साता पिढ्या खाली उतरवतो. टीव्हीवरच्या पुढाऱ्याला तर चहा पिता पिता वाकवतो. पण हा सगळा जाळ लांबच्यासाठी. घरातला, तालमीतला, शाळेतला मोठा माणूस समोर आला की आमची छाती आत जातीया आन् मुंडी खालवर व्हायला लागतीया. आमच्या शाळेत गणिताच्या सरांनी फळ्यावर चुकीचं उत्तर काढलं की अख्खा वर्ग वहीत चुकीचं उत्तर उतरून घ्यायचा. "समजलं?" "व्हय सर!" काय समजलं, डोंबल? आन् ह्यालाच आम्ही संस्कार म्हणतो. लग्नात, सत्कारात, भाषणात छाती फुगवून सांगतो, आमचं पोरगं कधी उलटून बोलत न्हाय. जसं काय पोरगं न्हाय, भिंत बांधलीया.

तर, आमचं दोघांचंबी नाव लागलं, असिस्टंट ड्रायव्हर म्हणून. सरांनी शिकवलेल्यातलं एक अक्षर परीक्षेला आलं नव्हतं, तरी आमचे फोटो त्या इंजिनाशेजारी फ्लेक्सवर चढले. बाज्याचं वय संपत आलतं. हे हुकलं असतं तर त्याला परत परीक्षेला बसायची सोय नव्हती. म्हशीच्या मागं जायचं, एवढंच उरलेलं. आन् नाव लागलं म्हणजे नोकरी लागली असं नसतंय. आधी ट्रेनिंग, त्यात पास व्हायचं, मग इंजिन.

ट्रेनिंग सेंटर कोल्हापुरास्नं लांब. तिथं पहिल्या दिवशी केबिनीत पाय ठेवला आन् मी आधी स्टेअरिंग हुडकलं. नव्हतं. बाज्याकडं बघितलं, त्योबी तेच हुडकालता.

शिकवायला माने साहेब. मिरजेकडचे, आयुष्य गाड्या चालवण्यात गेलेलं, आता पोरांना शिकवायला बसलेले. पांढऱ्या मिशा, घोगरा आवाज, बोलता बोलता घसा खाकरायची सवय. मी पहिल्याच आठवड्यात त्यांचा आवाज उचलला. होस्टेलवर मी दाराआड खाकरलो की पोरं पलंगावरनं उठून उभी ऱ्हायची. माणूस तिरसट, पण पहिल्याच तासाला त्यांनी जे सांगितलं ते गच्चीवरच्या राजाला सात जन्मात सुचलं नसतं.

"केबिनीत दोन माणसं का देत्यात?" त्यांनी इचारलं. आम्ही सवयीनं वाट बघितली, वाक्य अर्धं सोडतील म्हणून. सोडलं न्हाय. "असिस्टंट काय ड्रायव्हरला सोबत म्हणून न्हाय दिलेला. सिग्नल दिसला की असिस्टंटनं त्याचा रंग मोठ्यानं सांगायचा, ड्रायव्हरनंबी सांगायचा. दोघांनी आपापल्या डोळ्यानं बघून. माझ्या तोंडाकडं बघून बोलायचं न्हाय, काचेतनं बघून बोलायचं. मी चुकलो तर तू बरोबर पाहिजेस. तू चुकलास तर मी. गाडी काय मोटरसायकल न्हाय, ब्रेक दाबला आन् थांबली. आत्ता लावलेला ब्रेक लै लांब जाऊन लागतोय. म्हणून बोलायचं ते येळेत बोलायचं."

इंजिनात एक बटण असतंय. ड्रायव्हर काही हालचाल करीना झाला की दिवा लागतोय, मग भोंगा वाजतोय. तू जागा हाईस का, म्हणून इंजिनच इचारतंय. बटण दाबून 'व्हय' म्हणायचं, न्हाईतर गाडी आपणहून ब्रेक लावतीया. मला ते लै आवडलं. जगात एक तरी यंत्र निघालं जे झोपेतल्या 'व्हय'वर इश्वास ठेवत न्हाय.

मग ती परीक्षा आली. सिम्युलेटर म्हणजे खोटी केबिन, पण खऱ्यासारखी. म्होरच्या पडद्यावर रूळ पळत्यात, झाडं पळत्यात, सिग्नल येत्यात. ड्रायव्हरच्या जागी माने साहेब स्वतः. असिस्टंटच्या जागी एकेक पोरगं. बाकीचे आम्ही मागं बाकावर.

बाज्या बसला. सुरवात झ्याक. दोन पिवळे आले, म्हणजे वेग आवरायला लागायचं. "दोन पिवळे!" बाज्या आधी, साहेब नंतर. मग एक पिवळा. "एक पिवळा!" म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेवायची. वळण आलं, वळणाच्या पलीकडं सिग्नल. तांबडा. मागनं आम्हाला सगळ्यांना दिसालता, भडक तांबडा.

माने साहेब घसा खाकरून ठसक्यात म्हणले, "हिरवा!"

आन् बाज्या म्हणला, "हिरवा!"

गाडी तांबड्यातनं गेली. पडद्यावर सगळं काळं झालं, कसला तरी बारीक आवाज वाजत ऱ्हायला. माने साहेबांनी हात खाली घेतले. वरडले न्हाईत. एवढंच म्हणले, "मागच्या डब्यात माणसं हुती की रं."

बाज्यानं मान खाली घातली. "व्हय साहेब."

त्या 'व्हय'नं साहेब भडकले. "अरं व्हय काय व्हय! ऊठ. सुट्टीवरनं आल्यावर एकदाच परत घेणार. तवाबी असंच केलंस तर सरळ घरला जायाचं."

बाहेर कट्ट्यावर बसून मी त्याला इचारलं, "तुला तांबडा दिसला नव्हता?"

"दिसला की."

"मग?"

"साहेब हिरवा म्हणले."

"पण तांबडा हुता!"

"हुता रं." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "पण एवढं मोठं माणूस, पांढऱ्या मिशांचं, त्याला तोंडावर खोटं कसं पाडायचं? माझं तोंडच उघडंना मर्दा. डोळं सांगालते तांबडा, आन् तोंडातनं आबाच्या घरातलं पोरगं बोललं."

मी त्याला शिव्या घातल्या. त्या लिहिण्यासारख्या न्हाईत. पण शिव्या घालताना मला गच्चीवरचं ते शेड दिसालतं. 'मणकाऽऽ' दिसालतं. गणिताच्या वह्या दिसालत्या. तांबड्याला हिरवा म्हणायची तालीम आम्ही बालवाडीपासनं केलती, फी भरून.

ट्रेनिंगमधल्या त्या सुट्टीला कोल्हापुरात आलो, आन् मी बाज्याला मोटरसायकलवर मागं बसवला. रोज सकाळी गाव फिरायचं. आमच्या गावात सिग्नल म्हणजे सणाची लायटिंग. लागत्यात, विझत्यात, माणसं आपापल्या कामाला जात्यात. पण तालमीला बरे हुते. चौक आला की मी कुणाच्यातरी आवाजात खोटा रंग सांगायचा, आन् बाज्यानं मागनं खरा सांगायचा.

पहिला आवाज राजाचा. "कॉन्फिडन्स! हिरवा!"

"न्हाय सर, तांबडा!" बाज्या खूश. त्या माणसाला खोटं पाडायला कुणालाबी जमतंय.

दुसरा माने साहेबांचा. घसा खाकरला. "हिरवा!"

मागनं, "न... न्हाय साहेब. पिवळा." चार-पाच दिवसांत तो अडखळायचा थांबला. शेजारच्या रिक्षावाल्यानं एकदा मान बाहेर काढून इचारलं, "काय ओ, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय काय ह्येंचं?"

मग मी तिसरा आवाज काढला. मला तो काढायचा नव्हता, पण काढला. नाकातनं, सावकाश, प्रत्येक शब्दावर वजन टाकत. "बाजीराव. हिरवा हाय."

समोर तांबडा, आडवी बस चाललेली. मी परत म्हणलो, "हिरवा हाय न्हवं?"

"व्हय आबा," बाज्या म्हणला.

मी गाडी बाजूला घेतली. तो उतरला आन् दुकानाच्या फळीवर बसला. "ह्यो नको काढूस," म्हणला. "ह्यो जमायचा न्हाय."

पुढच्या दिवशी त्याच्याबरोबर मी त्याच्या गावी गेलो. तिकडं थंडी वेगळी असतीया, धरणाच्या बाजूनं येणारी, कानात शिरणारी. सकाळी आबा ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घ्यालते, गोठ्याच्या अंगाला. मागं म्हशींची पाण्याची दगडी डोण. ट्रॉली मागं घेताना कुणीतरी मागं उभारायचं आन् "येऊ दे, येऊ दे" म्हणायचं, ही पद्धत. बाज्या उभारलता. मी कट्ट्यावर चहा पेत बसलतो.

"येऊ दे आबा, येऊ दे..."

ट्रॉली डोणीच्या जवळ आली. बाज्या थांबला. आबा म्होरनंच म्हणले, "अजून जागा हाय मागं."

मी कप खाली ठेवला. बाज्यानं डोणीकडं बघितलं. आबांच्या पाठीकडं बघितलं. "हाय आबा," म्हणला. "येऊ दे."

धाडकन आवाज झाला. डोणीचा एक कोपरा तुटून पडला, पाणी सगळ्या गोठ्यात पसरलं, म्हशी उठून उभारल्या. आबा उडी मारून खाली आले. "डोळं मिटून उभारलतास काय रं मागं?"

"तुम्ही म्हणला जागा हाय," बाज्या पुटपुटला.

"मी म्हणलो!" आबा एवढ्या मोठ्यानं वरडले की आतनं त्याची आई बाहेर आली. "मी म्होरं बसलतो! मला मागचं काय दिसतंय? मागं तू उभारलतास! माझंच बोलणं मला परत ऐकवायचं असतं तर तुला कशाला उभा केला असता? म्हशीला उभी केली असती की!"

पाणी वाहून चाललेलं. बाज्या तुटक्या डोणीकडं बघत हुता, आन् त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ज्या माणसाच्या शब्दाला त्यानं जन्मभर भिंतीसारखा टेकू दिला, त्या माणसाला मागनं भिंत नकोच हुती. त्याला मागनं डोळं पाहिजे हुते. हे आबांनी आधी कधी सांगितलं नव्हतं, आन् बाज्यानं कधी इचारलं नव्हतं. तेवढ्यासाठी बाज्याच्या आईला दोनदा उपास घडले. मला हसू आलं, आन् हसता हसता चीडबी आली. एवढं साधं बोलायला आमच्यात दगड फुटायला लागतोय.

सुट्टी संपली. ट्रेनिंग सेंटरात परत तीच गार खोली, तोच पडदा. बाज्या असिस्टंटच्या जागेवर बसला. आम्ही मागं बाकावर. त्याच्या मानेवरची शीर मला मागनं दिसालती.

दोन पिवळे. "दोन पिवळे!" एक पिवळा. "एक पिवळा!" वळण आलं. वळणाच्या पलीकडं तांबडा.

माने साहेबांनी घसा खाकरला. "हिरवा!"

"तांबडा!" बाज्या म्हणला.

साहेबांनी मान वळवली. पांढऱ्या मिशा, डोळं वटारलेलं. आवाज चढवला. "हिरवा हाय म्हणतोय मी. किती वर्षं गाडी चालवलीया मी, ठावं हाय? हिरवा हाय!"

गाडी पळतच हुती. बाज्याची मान एकदा खाली गेली. मला वाटलं, संपलं. मग ती वर आली, काचेकडं.

"असंल साहेब," तो म्हणला, "पण मला तांबडा दिसालाय."

आन् त्याच्या बाजूचा इमर्जन्सी ब्रेक त्यानं कुणालाबी न इचारता वडला. सगळी केबिन हादरली. झाडं हळू झाली, रूळ हळू झाला, आन् गाडी उभारली. तांबडा दिवा अजून काचेच्या म्होरंच हुता.

माने साहेबांनी मिशीवरनं हात फिरवला. "उद्धट हाईस," म्हणले. "असाच ऱ्हा. ऊठ, पुढचा."

बाज्या उठला. खाली उतरायच्या आधी तो सवयीनं साहेबांच्या पायाला हात लावायला वाकला. आन् वाकल्या वाकल्या म्हणला, "माफ करा साहेब. पण तांबडाच हुता."